पद्मिनी वळणावर स्थिर व्हावी म्हणून: पुढच्या सस्पेन्शनचं काम, नेमक्या क्रमाने

जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार घाटातल्या वळणावर घातली की तीन गोष्टी एकामागून एक घडतात. स्टीअरिंग फिरवलं की आधी काहीच होत नाही, दोन बोटं ते रिकामंच फिरतं. मग गाडीचं नाक बाहेरच्या अंगाला कलतं. ते कलून झालं की मग कुठे गाडी वळायला लागते. तोवर आपण थोडं जास्तच वळवलेलं असतं, म्हणून परत सोडावं लागतं. खंबाटकीसारखा घाट पार करेपर्यंत खांदे भरून येतात.

या तीन टप्प्यांची कारणं वेगवेगळी आहेत. पहिला टप्पा झिजलेल्या सांध्यांचा, दुसरा शॉकअप (गाडीचं डुलणं थांबवणारा नळकांडा), अँटी-रोल बार (वळणात कलणं रोखणारी आडवी सळई) आणि स्प्रिंगचा, तिसरा टायर आणि चाकांच्या कोनांचा. पद्मिनीवर काम करणारे बहुतेकजण थेट दुसऱ्या टप्प्यावर उडी मारतात आणि त्यातही आधी स्प्रिंग कापतात. आमच्या घरच्या गाडीचं एका गॅरेजात हेच झालं. गाडी दिसायला छान खाली बसली, पण रस्त्यावर पूर्वीइतकीच भटकत राहिली आणि प्रत्येक खड्ड्यात पुढून ठोका बसू लागला. स्प्रिंग परत मूळच्या घातल्या, किंग पिन (ज्या उभ्या खुंटीवर पुढचं चाक वळतं ती) बदलले आणि अर्धी तक्रार तिथेच संपली. त्यानंतर मी जो क्रम पाळत आलो, तोच इथे देतो आहे: आधी ढिलाई, मग टायर आणि कोन, मग शॉकअप, मग बार, आणि स्प्रिंग सर्वांत शेवटी.

मुळात हातात काय आहे

पद्मिनीचा सांगाडा १९५३ साली आलेल्या इटलीच्या फियाट ११००/१०३ चा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती आधी फियाट म्हणून, नंतर प्रीमियर पद्मिनी म्हणून बनत राहिली. पुढे दोन्ही बाजूंना वरचा आणि खालचा असे दोन आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे हात), कॉइल स्प्रिंग, दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा शॉकअप आणि अँटी-रोल बार. मागे सरळ एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग. चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसएक अश्वशक्ती.

दोन आर्मची ही रचना आजही उत्तम मानली जाते. चाक वर-खाली होताना त्याचा रस्त्याशी असलेला कोन फार बिघडत नाही. त्यामुळे दुसऱ्या गाडीचा पुढचा क्रॉसमेंबर (सस्पेन्शन धरणारा आडवा भाग) आणून वेल्डिंग करण्याची अजिबात गरज नाही. ही मोनोकॉक बॉडी आहे, वेगळी चासी नाही. एकदा तिचा पत्रा कापला की मूळ मापं कायमची जातात.

कायद्याचाही विचार हवा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. म्हणून खाली सांगितलेलं सगळं काम नट-बोल्ट सोडून परत मूळ स्थितीला नेता येईल असंच आहे. काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून, कागदात गुंडाळून, डावा-उजवा लिहून ठेवा.

पान्याला हात लावण्याआधी

सपाट जागा शोधा आणि एक वही घ्या. टायरमधली हवा चारही चाकांना ठरल्याप्रमाणे भरा. चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवा. आता प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधा. स्प्रिंग थकून खाली बसलेली असू शकते, पण पुष्कळदा मागच्या पाट्या थकलेल्या असतात आणि दोष मात्र पुढच्या भागाला दिला जातो.

मग गाडीखाली जा. क्रॉसमेंबर जिथे बॉडीला धरलेला आहे, आर्मचे शाफ्ट जिथे बसतात आणि बारचे ब्रॅकेट जिथे आवळलेले आहेत, तिथे टोकदार स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या गाडीत वरून रंग शाबूत आणि आतून पत्र्याचा चुरा, असं सर्रास असतं. टोचा आत गेला तर सस्पेन्शनचं काम थांबवून आधी पत्र्याचं काम करा. कुजलेल्या पत्र्यावर जाड बार बसवला तर तो ब्रॅकेट उपटूनच बाहेर येईल.

ब्रेकही आधीच समान करून घ्या. एका बाजूचा ड्रम जास्त धरत असेल तर गाडी ओढते, आणि तो दोष तुम्ही महिनाभर अलाइनमेंटमध्ये शोधत बसाल.

पहिला टप्पा: ढिलाई

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा.

पुढचं चाक जॅकवर उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून हात आत घालू नका. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून हलवा. खटखट जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले, म्हणजे ही मोकळी हालचाल, गेला तर ढिलाई चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही राहिला तर किंग पिन किंवा आर्मचे बुश (सांध्यात बसवलेल्या नळ्या). मग चाक ३ आणि ९ वर धरून हलवा. इथला प्ले टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), आयडलर (त्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) किंवा स्टीअरिंग बॉक्समधला. खाली वाकून पाहिलं तर कुठला सांधा उशिरा हलतो ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसत नसेल तर सांध्यावर बोट ठेवलं की कळतं.

किंग पिन हा या गाडीचा खरा दुखरा भाग. तो झिजण्याचं मुख्य कारण म्हणजे ग्रीस न मिळणं. निपलवर (ग्रीस भरायच्या तोंडावर) गन लावली, थोडं ग्रीस बाहेर आलं, की काम झालं असं वाटतं. पण चाक जमिनीवर असताना वजनाने दाबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. चाक अधांतरी ठेवून, स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवत ग्रीस भरावं लागतं. जुनं काळं ग्रीस संपून नवं स्वच्छ बाहेर येईपर्यंत.

बदलायचाच असेल तर पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला पूर्ण सेट विचारा: पिन, बुश, थ्रस्ट वॉशर किंवा बेअरिंग आणि शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या). नुसती पिन आणू नका. नवे बुश दाबून बसवताना त्यांचं ग्रीसचं भोक निपलच्या भोकाशी जुळलंच पाहिजे. हे एवढंसं चुकलं तर नवा सेट वर्षभरात जातो. बुश बसवल्यावर त्यांना एका रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारावा लागतो. दोन्ही बुशमधून एकाच वेळी जाणारा लांब रीमर ज्या लेथवाल्याकडे असेल, त्याच्याकडेच हे काम द्या. पॉलिश पेपर घासून पिन बसवणारा नको. तेल लावलेली पिन अंगठ्याच्या जोराने आत सरकावी, पण सोडल्यावर आपोआप खाली पडू नये, एवढी फिटिंग हवी. शिम लावून वर-खालचा प्ले जेमतेम जाईल एवढाच ठेवा. स्टीअरिंग फिरवताना जड गेलं तर शिम जास्त झाली आहे.

आर्मचे रबरी बुश बदलताना एक चूक जवळजवळ प्रत्येक गॅरेजात होते. गाडी वर उचललेली, आर्म खाली लोंबकळलेले, आणि त्याच अवस्थेत नट पूर्ण आवळले जातात. आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेल्या रबराची ‘मधली’ जागा मग तीच ठरते. गाडी खाली घेतली की रबर कायम पिळलेलं राहतं, गाडी किंचित उंच बसते आणि बुश लवकर फाटतात. नट आधी हाताने धरतील एवढेच लावा. गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-तीन वेळा दाबून सोडा, आणि मग वजन चाकांवर असतानाच शेवटचं आवळा.

बुश रबराचे की पॉलीयुरेथेनचे? आर्मना रबरच ठेवा असं माझं ठाम मत आहे. पॉलीने स्टीअरिंगला थोडी धार येते, पण खड्ड्यांचा सगळा मार जुन्या बॉडीवर जातो, आणि कोरडे पडले की ते किरकिरतात. अँटी-रोल बारच्या बुशला मात्र पॉली जरूर वापरा. तिथे फायदा पुरेपूर मिळतो आणि त्रास जवळजवळ नसतो.

स्टीअरिंग बॉक्सकडे सगळ्यांत शेवटी वळा. टाय रॉड एंड आणि आयडलर नवे झाल्यावरच त्याचा खरा प्ले समजतो. बॉक्सवरचा स्क्रू आवळायचा तो चाकं अगदी सरळ असताना, आणि थोडा थोडा. आतला वर्म (पेचासारखे आटे असलेला दांडा) मधल्या भागात जास्त झिजलेला असतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला सगळा प्ले काढायच्या नादात स्क्रू जास्त आवळला, तर पूर्ण वळवल्यावर स्टीअरिंग अडकायला लागतं. तसं झालेलं रस्त्यावर कळणं धोक्याचं. आवळल्यावर चाकं अधांतरी ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. स्टीअरिंगच्या कडेवर २० मिलिमीटरच्या आत मोकळी हालचाल आली की मी थांबतो.

टायर आणि कोन

पद्मिनी जन्मली तेव्हा तिच्यावर ५.२०-१४ मापाचे क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे एकमेकांवर असलेले) टायर होते. आता १४ इंची रेडियल (धागे काठापासून काठापर्यंत सरळ असलेले) बसवतात आणि बसवावेतच. एका खर्चात सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडतो. माप निवडताना मोह आवरा. फार रुंद टायर मडगार्डला आणि पूर्ण वळवल्यावर आर्मला घासतो. शिवाय पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना दंड दुखतात. मूळच्या जवळचं अरुंद मापच या वजनाला शोभतं. रिम जुन्या असतील तर ट्यूब घाला. जुन्या घडणीच्या रिमला ट्यूबलेस टायर जागेवर धरून ठेवणारा उंचवटा असेलच असं नाही.

टायर बदलले की कोनही बदलले पाहिजेत, आणि हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. क्रॉसप्लायच्या काळात चाकं वरून किंचित बाहेर झुकलेली (हा झुकाव म्हणजे कॅम्बर) आणि पुढून बरीच आत वळलेली (हे टो-इन) ठेवत. रेडियलला दोन्ही नको. टो-इन दोन्ही चाकांचं मिळून, रिमवर मोजून १ ते २ मिलिमीटर पुरे. कॅम्बर शून्य ते आतल्या बाजूला अर्धा अंश. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव, दोन्हीकडे समान, फरक अर्ध्या अंशाच्या आत.

टो घरीच मोजता येतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, एकमेकांना समांतर दोऱ्या ताणा. दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या काठाचं अंतर पट्टीने घ्या. मागची आणि पुढची चाकं सारख्या रुंदीवर नसतात, म्हणून दोरी चाकांना चिकटवून नव्हे, तर हबच्या मध्यापासून मोजून समांतर करा. कॅम्बरला ओळंबा पुरतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या काठांत ३८० मिलिमीटर अंतर असेल, तर ओळंब्यापासूनचा ६.६ मिलिमीटर फरक म्हणजे १ अंश. कॅस्टर मात्र अलाइनमेंटच्या दुकानातच तपासा, आणि तिथे जाताना आकडे लिहून न्या. दुकानातल्या संगणकात तुमची गाडी बहुधा नसणार, मग कारागीर अंदाजाने दुसऱ्याच गाडीची मापं लावतो.

कॅम्बर आणि कॅस्टर बदलतात ते आर्मच्या शाफ्टपाशी असलेल्या पातळ शिमनी. काढताना कुठून किती निघाल्या ते लिहाच. तत्त्व सोपं आहे: वरचा आर्म आत सरकला किंवा खालचा बाहेर गेला, तर चाक वरून आत झुकतं. दोन्ही बोल्टखाली सारखी शिम बदलली तर मुख्यतः कॅम्बर बदलतो, एकाखालीच बदलली तर कॅस्टरही. प्रत्येक बदलानंतर टो पुन्हा पाहावा लागतो.

सगळं करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर अदलाबदल करा. ओढ दुसरीकडे गेली तर दोष टायरचा. नसेल तर लक्षात ठेवा, गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते, तसंच ज्या चाकाचा कॅम्बर जास्त बाहेर त्या बाजूलाही.

इथपर्यंतचं काम झालं की गाडी महिनाभर चालवा. पुष्कळांना पुढे जायची गरजच वाटत नाही.

दुसरा टप्पा: कलणं

शॉकअप गाडीचं कलणं कायमचं कमी करत नाही. ती किती वेगाने कलते आणि कलून किती वेळ डुलते, ते तो ठरवतो. तरीही चालवणाऱ्याला विश्वास येतो तो इथूनच. मडगार्ड दाबून सोडायची परीक्षा फारशी कामाची नाही, तिच्यात फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो. बाहेर काढून उभा धरा, चार-पाच वेळा पूर्ण ताणा आणि दाबा. मध्ये कुठे पोकळ जागा जाणवली किंवा दांड्यावर तेल दिसलं, तर जोडी बदला. एकच बदलू नका.

दुसऱ्या गाडीचा शॉकअप बसवायचा असेल तर नुसती भोकं जुळून भागत नाही. स्प्रिंग काढलेली असताना आर्म अगदी खालपासून रबरी स्टॉपला टेकेपर्यंत हलवा आणि दोन्ही टोकांना शॉकअपच्या दोन खिळींमधलं अंतर मोजा. नव्याची पूर्ण उघडी लांबी पहिल्या मापापेक्षा जास्त आणि पूर्ण मिटलेली लांबी दुसऱ्यापेक्षा कमी हवी. दोन्हीकडे १० मिलिमीटर तरी सवड ठेवा. नाहीतर रबरी स्टॉपच्या आधी शॉकअपच ठोका खातो आणि आतून तुटतो. गॅसचे शॉकअप गाडी किंचित उचलतात, म्हणून बसवल्यावर उंची परत मोजा.

मग अँटी-रोल बार. गोल सळईचा पीळ सहन करण्याचा जोर व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १६ मिलिमीटरच्या जागी १८ चा बार घातला तर तो ६० टक्के जास्त कडक होतो, २० चा घातला तर जवळजवळ अडीचपट. म्हणून तुमचा मूळ बार कॅलिपरने मोजा आणि त्याहून २ मिलिमीटर जाड करून घ्या, त्यापुढे जाऊ नका. पुढचा बार फार कडक झाला की नाक वळणात बाहेर ढकलतं, आणि ओल्या घाटात तो अनुभव वाईट असतो. बार स्प्रिंग स्टीलचाच हवा, वाकवल्यावर पाणी दिलेला. साध्या सळईला पीळ बसला की ती तशीच राहते. मूळ बार नमुना म्हणून स्प्रिंगवाल्याला द्या. भोसरी-चिंचवड भागात सुटी स्प्रिंग आणि बार करून देणारे वर्कशॉप आहेत.

स्प्रिंग: शेवटी, आणि जपून

स्प्रिंग काढणं हा या कामातला सर्वांत धोक्याचा भाग आहे, तो जीव घेऊ शकतो. आर्ममध्ये दाबलेली स्प्रिंग शेकडो किलोच्या जोराने बाहेर यायला टपलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरा, आणि कॉइलच्या वेढ्यांतून जाड साखळी घालून ती बॉडीला बांधा. जॅक खालच्या आर्मखाली लावून हळूहळू सोडायची पद्धत दिसते सोपी, पण इंजिन काढलेल्या गाडीत स्प्रिंग दाबली जाण्याऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाते.

कापण्याचा हिशेब असा. स्प्रिंग आर्मच्या मधोमध दाबत असेल, तर स्प्रिंगची उंची १० मिलिमीटर कमी केली की गाडी सुमारे २० मिलिमीटर खाली येते. म्हणून एक वेढा कापला की अंदाजापेक्षा कितीतरी जास्त खाली जाते. गाडी खाली गेली की खालचा आर्म चाकाकडे चढता होतो, कलण्याचा आस जमिनीकडे उतरतो आणि गाडीचं वजन त्या आसापासून आणखी उंच राहतं. म्हणजे वळणात कलायला तिला जास्त जोर मिळतो. टाय रॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की ते आपोआप थोडं वळतं. गॅसच्या ज्योतीने तापवून स्प्रिंग दबवून आखूड करणं त्याहून वाईट. पोलादाचं पाणी उतरतं आणि ती कुठल्याही खड्ड्यात तुटू शकते.

मूळ स्प्रिंग थकून खाली बसल्या असतील तर नव्या वळवून घ्या. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरची तार १२.५ केली की १८ टक्के वाढ झाली. आपल्या रस्त्यांना एवढीच वाढ पुरेशी आहे. उंची मूळचीच ठेवा, फार तर २० मिलिमीटर कमी. दोन्ही टोकांची ठेवण मूळच्यासारखी हवी, नाहीतर स्प्रिंग वाटीत नीट बसत नाही. जोडी हातात आल्यावर दोन्हींवर सारखंच वजन ठेवून उंची मोजून पाहा.

स्प्रिंग बाहेर असतानाच एक तपासणी करून घ्या. हबवर छोटा लेझर बांधा, तीन-चार मीटरवरच्या भिंतीवर कागद चिकटवा आणि आर्म वर-खाली करत ठिपका कुठे जातो ते खुणा करून ठेवा. ठिपका उभ्या रेषेतून फार बाजूला गेला तर टाय रॉडच्या टोकांची उंची चुकली आहे. आयडलर किंवा बॉक्स बसवताना शिम राहिली का ते पाहा.

रस्त्यावर

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तीच हवा, तितकीच माणसं. मी पहाटेचा, ओळखीचा, मोकळा रस्ता निवडतो, ज्यात एक लांब वळण, एक आखूड वळण आणि खराब डांबराचा तुकडा आहे. वेग ४० ते ५० च्या आत. स्टीअरिंग किती फिरल्यावर नाक हललं, वळणात हात स्थिर राहिला की दुरुस्त करत राहावा लागला, खराब तुकड्यावर गाडीने जागा सोडली का, हे तीनच प्रश्न वहीत. टायरच्या हवेत २ पीएसआयचा फरक करून त्याच फेऱ्या पुन्हा मारा. रेडियलवर मी पुढे २८ पासून सुरुवात करतो.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर आर्म, शॉकअप, बार आणि स्टीअरिंग बॉक्सचे सगळे नट पुन्हा आवळा, आणि कॉटर पिन नव्या घाला. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून उंची आणि टो परत मोजा. मग चाकं अधांतरी करून किंग पिनला पुन्हा ग्रीस भरा.